सम्राटाचा वाडा आणि सरकारचं पाहुणेघर

२७ मे २०१९. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प टोकियोत होते. सम्राट नारुहितो गादीवर आले त्याला महिनाही झाला नव्हता, आणि ट्रम्प त्यांचे पहिले परदेशी राजपाहुणे. सकाळी राजवाड्यात सम्राटांनी स्वागत केलं, मानवंदना झाली. मग मोटारींचा ताफा निघाला तो दोन-अडीच किलोमीटरवरच्या अकासाका नावाच्या दुसऱ्याच राजवाड्यात गेला. तिथे पंतप्रधान शिंझो आबे यांच्याशी चर्चा, जेवण, पत्रकार परिषद. संध्याकाळी ताफा परत पहिल्या राजवाड्यात, शाही मेजवानीला. मुक्काम हॉटेलात.

टीव्हीवर दोन्ही जागांना 'पॅलेस' म्हणत होते. मनात साधा प्रश्न आला: सकाळी पाहुणा वाड्यात आलाच होता, तर चर्चाही तिथेच का उरकली नाही? जागा अपुरी म्हणावी तर सम्राटाचं आवार २८० एकरांहून मोठं आहे.

खरं कारण यजमानांत आहे. पहिल्या वाड्यात यजमान सम्राट असतो, दुसऱ्यात सरकार. हे दोन यजमान एकमेकांच्या कामात पाय घालत नाहीत. त्यामागे एक हरलेलं युद्ध आहे, बऱ्याच आगी आहेत, आणि राहायला कुणालाच नको असलेला एक भलामोठा वाडाही आहे.

आधी शब्दांचा गुंता सोडवू. आपण ज्याला एका शब्दात राजवाडा म्हणून मोकळे होतो, त्याला जपानीत निदान पाच शब्द आहेत. 'कोक्यो' म्हणजे टोकियोच्या मध्यभागचं, खंदकांनी वेढलेलं सम्राटाचं सगळं आवार. त्यात 'गोशो' हे सम्राटाचं राहतं घर आणि 'क्युदेन' ही समारंभांची इमारत. जुन्या मराठी वाड्यातली सदर आणि माजघर आठवा. बाहेरचा माणूस सदरेवर येतो, माजघरात नाही. क्युदेन म्हणजे सदर, गोशो म्हणजे माजघर, फक्त दोन्ही वेगवेगळ्या इमारती आहेत. 'रिक्यू' म्हणजे मुख्य वाड्यापासून वेगळा, दुसरीकडे बांधलेला वाडा. 'गोयोतेई' म्हणजे हवापालटाचा बंगला. नासूचा डोंगरात, हायामा आणि सुझाकीचे समुद्राकाठी. पाचवा शब्द 'गेइहिनकान', पाहुण्यांच्या स्वागताचं घर. हे घर राजघराण्याकडे नाही. अकासाका आज गेइहिनकान आहे, एकेकाळी रिक्यू होतं. एकाच इमारतीचं नाव बदलत गेलं, त्याची गोष्ट पुढे येईल.

आता मालकी. ३ मे १९४७ ला जपानची नवी राज्यघटना लागू झाली. तिच्या चौथ्या कलमाप्रमाणे सम्राटाला राज्यकारभाराचे कोणतेही अधिकार नाहीत. ८८ वं कलम तर आणखी रोखठोक आहे: राजघराण्याची सगळी मालमत्ता देशाची, आणि घराण्याचा सगळा खर्च संसद मंजूर करणार. युद्धापूर्वी हे घराणं देशातल्या सर्वांत मोठ्या जमीनदारांपैकी एक होतं, अफाट जंगलं त्याच्या नावावर होती. तो सातबारा एका फटक्यात कोरा झाला. आज सम्राट ज्या घरात राहतो ते त्याचं नाही. बिनभाड्याचा भाडेकरू म्हणा हवं तर.

कोक्यो, क्योतोचा जुना वाडा, रिक्यू आणि गोयोतेई सांभाळतं ते 'कुनाइचो', म्हणजे राजघराण्याचं खातं. गेइहिनकान मात्र थेट मंत्रिमंडळ कार्यालयाच्या ताब्यात आहे. ट्रम्प यांचा ताफा त्या दिवशी जो येरझारा घालत होता, तो या दोन खात्यांमधला. स्वागत आणि मेजवानी हा मान आहे, तो सम्राट देऊ शकतो. व्यापार, क्षेपणास्त्रं, आयातकर हे राजकारण झालं. ते सम्राटाच्या छताखाली होत नाही.

पाहुण्यांचीही प्रतवारी असते. सगळ्यांत वरचा 'कोकुहिन', म्हणजे राजपाहुणा. हा मान राष्ट्रप्रमुखालाच, राजाला किंवा राष्ट्राध्यक्षाला. पंतप्रधान कितीही वजनदार असला तरी तो खालच्या वर्गात. म्हणून भारताचे राष्ट्रपती राजपाहुणे होऊ शकतात, पंतप्रधान नाही. सरकारी पाहुणचारात असल्या पायऱ्या सगळीकडेच असतात, पण जपानी लोक त्या फार मन लावून पाळतात.

न चढलेला बुरूज

कोक्यो मुळात सम्राटांचा वाडा नव्हताच. ओता दोकान नावाच्या सरदाराने १४५७ मध्ये इथे एदो नावाचा किल्ला बांधला. १५९० मध्ये तो तोकुगावा इएयासूच्या हाती आला. १६०३ मध्ये इएयासू शोगुन, म्हणजे देशाचा खरा सत्ताधीश झाला, आणि पुढची अडीचशेहून अधिक वर्षं त्याच्या वंशाने इथूनच कारभार केला. सम्राट तेव्हा क्योतोत होते, मानाचे पण सत्तेविना. १८६८ मध्ये शोगुनशाही कोसळली, एदोचं नाव टोकियो झालं आणि तरुण मेइजी सम्राट शोगुनच्या किल्ल्यात राहायला आला. पराभूताच्या घरात विजेत्याने बिऱ्हाड थाटलं.

आवाराचा पूर्वेकडचा भाग १९६८ पासून लोकांसाठी खुला आहे. तिथे प्रचंड चिऱ्यांचं एक जोतं आहे. लोक उतारावरून वर चढतात, फोटो काढतात आणि मनातल्या मनात त्यावर किल्ल्याचा मुख्य बुरूज उभा करतात. गंमत अशी, की या जोत्यावर बुरूज कधी उभाच राहिला नाही! १६५७ च्या भयंकर आगीत अर्धंअधिक एदो शहर जळालं, त्यात मूळ बुरूजही गेला. दुसऱ्या वर्षी माएदा घराण्याच्या सरदाराने नवं जोतं बांधूनही दिलं. पण शोगुनचा काका होशिना मासायुकी आडवा आला. शहर राखेत बसलं असताना शोभेच्या बुरुजावर पैसा कशाला, असं त्याचं म्हणणं. ते मानलं गेलं. जोतं रिकामंच राहिलं, ते आजतागायत.

लाकडी वाड्यांचा शत्रू आग. १८७३ मध्ये मेइजी सम्राट राहत होता तो वाडा जळाला आणि त्याला अकासाकातल्या एका जुन्या तोकुगावा हवेलीत हलवलं. हे 'तात्पुरतं' बिऱ्हाड पंधरा वर्षं टिकलं. १८८८ मध्ये नवा वाडा तयार झाला: बाहेरून उतरत्या छपरांचा जपानी, आत गालिचे, खुर्च्या, झुंबरं. ११ फेब्रुवारी १८८९ ला मेइजी राज्यघटना याच वाड्यात जाहीर झाली. २५ मे १९४५ च्या रात्री अमेरिकी विमानांनी टोकियोवर आगीचा पाऊस पाडला. वाडा हे लक्ष्य नव्हतं, पण आजूबाजूच्या आगीच्या ठिणग्या वाऱ्याबरोबर आल्या आणि वाडा जळून खाक झाला.

सम्राट हिरोहितो तेव्हा आवारातच 'ओबुन्को' नावाच्या काँक्रीटच्या इमारतीत राहत होते. नावाचा अर्थ ग्रंथालय, प्रत्यक्षात हवाई हल्ल्यापासून बचावाची जागा. शरणागतीचा निर्णय झाला त्या ऑगस्ट १९४५ च्या बैठका तिला जोडलेल्या तळघरात झाल्या. युद्ध संपलं तरी सम्राट त्या दमट इमारतीतून हलले नाहीत. लोकांना घरं नाहीत, तर मला नवा वाडा कशाला, असं ते म्हणत, असं सांगितलं जातं. राहायचं नवं घर झालं १९६१ मध्ये, आणि समारंभांचं आजचं क्युदेन १९६८ मध्ये. तेवीस वर्षं सम्राटाला सदर नव्हती. कुनाइचोच्या कचेरीच्या वरच्या मजल्यावर समारंभ उरकले जात.

या क्युदेनमध्ये पाश्चात्त्य राजवाड्यांचा झगमगाट नाही. हिरवट तांब्याची लांबरुंद छपरं, खोल वळचणी, आणि आत बरीचशी मोकळी जागा. सगळ्यांत मानाची खोली 'मात्सु-नो-मा', पाइनची खोली. बाकी दालनांत गालिचा, इथे तेवढी लाकडी फळ्यांची जमीन. नव्या पंतप्रधानाची नेमणूक इथे होते आणि परदेशी राजदूत आपली अधिकारपत्रं इथेच देतात. त्यासाठी राजदूताला विचारतात: मोटार हवी की घोड्यांची बग्गी? बहुतेक जण बग्गीच मागतात. टोकियो स्टेशनच्या परिसरातून निघालेली बग्गी खंदक ओलांडून आत जाते, आणि ऑफिसला निघालेले लोक पदपथावर थांबून मोबाइल वर करतात.

क्युदेनचा पुढचा भाग म्हणजे सुमारे १६० मीटर लांबीचं 'चोवादेन'. २ जानेवारीला आणि सम्राटाच्या वाढदिवशी, म्हणजे सध्या २३ फेब्रुवारीला, राजकुटुंब त्याच्या सज्जात येऊन लोकांना अभिवादन करतं. समोर काच दिसते ती बुलेटप्रूफ. नव्या क्युदेनमधला पहिलाच नववर्षाचा कार्यक्रम होता, २ जानेवारी १९६९. गर्दीतल्या एका माजी सैनिकाने गलोलीने सम्राटाच्या दिशेने पाचिंकोच्या, म्हणजे जुगाराच्या यंत्रातल्या, लोखंडी गोळ्या मारल्या. लागलं कुणाला नाही. पण काच आली ती आलीच.

एक चूक मीही केली आहे, म्हणून सांगतो. वाड्यासमोरच्या खडीच्या मैदानात उभं राहिलं की दोन कमानींचा देखणा दगडी पूल दिसतो. मी त्याचे डझनभर फोटो काढले आणि 'हाच तो प्रसिद्ध निजुबाशी' म्हणून घरच्या ग्रुपवर टाकले. निजुबाशी म्हणजे दुहेरी पूल, कमानी दोन, हिशेब जुळला. पण खरा निजुबाशी त्याच्या मागचा लोखंडी पूल. पूर्वी तिथे लाकडी पूल होता. खंदक खोल, म्हणून त्याला एकाखाली एक असे तुळयांचे दोन थर होते. दुहेरी ते त्यावरून. निम्मे पर्यटक माझ्यासारखेच चुकत असणार, एवढंच समाधान.

क्योतोचा रिकामा वाडा

क्योतो ७९४ पासून राजधानी. तिथला जुना गोशो आजच्या जागी चौदाव्या शतकात आला आणि त्यानंतर तो इतक्या वेळा जळाला, की आज दिसतात त्या मुख्य इमारती १८५५ च्या आहेत, जुन्या धाटणीवर नव्याने बांधलेल्या. मुख्य सभागृह 'शिशिन्देन', सायप्रसच्या सालीचं जाड छप्पर असलेलं. मेइजी, ताइशो आणि शोवा (म्हणजे हिरोहितो) या तिन्ही सम्राटांचं राज्यारोहण इथे झालं. समोरच्या पांढऱ्या खडीच्या अंगणात दोन झाडं आहेत, 'डावीकडची चेरी' आणि 'उजवीकडचं ताचिबाना', म्हणजे एक प्रकारचं संत्रं. बघणाऱ्याला मात्र चेरी उजवीकडे दिसते. गाइडचं चुकलेलं नसतं. डावं-उजवं ठरतं ते आत दक्षिणेकडे तोंड करून बसलेल्या सम्राटाच्या नजरेने.

१९९० मध्ये हिरोहितोंचे पुत्र अकिहितो यांचं राज्यारोहण पहिल्यांदाच टोकियोत करायचं ठरलं. पण 'ताकामिकुरा' हे मखरासारखं साडेसहा मीटर उंचीचं सिंहासन क्योतोत. अतिडाव्या गटांच्या हल्ल्याची धास्ती होती, म्हणून ते सुटं करून लष्कराच्या हेलिकॉप्टरने टोकियोला नेलं. २०१९ च्या समारंभासाठी तेच सिंहासन निमूटपणे ट्रकने गेलं.

आगीने या वाड्याला विसाव्या शतकातही सोडलं नाही. ऑगस्ट १९५४ मध्ये कामो नदीकाठच्या आतषबाजीतला एक पेटता तुकडा आत येऊन पडला आणि 'कोगोशो' नावाची इमारत जळाली. ती १९५८ मध्ये पुन्हा बांधली. २०१६ पासून हा वाडा बघायला आगाऊ नोंदणी लागत नाही. काट्सुरा आणि शुगाकुइन या क्योतोच्या दोन रिक्यूंवर वेगळा लेख लिहावा लागेल, इतक्या त्या बागा सुंदर आहेत. इथे नाव घेऊन पुढे जातो.

कुणीच न राहिलेला वाडा

आता अकासाका. हा वाडा समजायचा तर एकोणिसाव्या शतकातली जपानची दुखरी नस ठाऊक हवी. पाश्चात्त्य देशांनी जपानवर असमान करार लादले होते. परदेशी माणसाने जपानमध्ये गुन्हा केला तरी जपानी न्यायालय त्याच्यावर खटला चालवू शकत नव्हतं. आयातकरही जपानला स्वतःच्या मर्जीने ठरवता येत नव्हता. 'आम्हीही तुमच्याइतकेच सुधारलेले' हे युरोपला पटवून दिल्याशिवाय करार बदलणार नाहीत, असं पुढाऱ्यांनी ठरवलं. त्यातून १८८३ मध्ये परराष्ट्रमंत्री इनोउए काओरू यांनी 'रोकुमेइकान' उभारलं. ब्रिटिश वास्तुतज्ज्ञ जोसाया काँडर यांनी आखलेली ही दुमजली विटांची इमारत. तिथे जपानी मंत्री शेपटीचे कोट घालून आणि त्यांच्या बायका घोळदार झगे घालून परदेशी राजदूतांबरोबर वॉल्ट्झ नाचत. परदेशी पाहुणे नाचत आणि पाठीमागे हसत. करार काही बदलले नाहीत, आणि १८८७ मध्ये इनोउए यांना मंत्रिपद सोडावं लागलं.

परदेशी माणसांना जपानी न्यायालयाखाली आणणारा बदल अखेर १८९९ मध्ये अमलात आला. त्याच वर्षी, मेइजी सम्राट आगीनंतर जिथे राहिला होता त्याच अकासाकात, युवराजासाठी, म्हणजे पुढच्या ताइशो सम्राटासाठी, नव्या वाड्याचं काम सुरू झालं. वास्तुकार काँडर यांचाच विद्यार्थी, काताय़ामा तोकुमा. युरोप-अमेरिकेचे दौरे करून, तिथले राजवाडे बघून त्याने दहा वर्षं खपून तो बांधला. १९०९ मध्ये पुरा झाला तेव्हा खर्च सुमारे ५१ लाख येन. भूकंपाचा देश म्हणून दगडविटांच्या आत पोलादी सांगाडा.

लांबून पाहिलं तर पॅरिस किंवा व्हिएन्ना. जवळ जाऊन छपराकडे मान वर केली की मात्र हसू येतं: युरोपात जिथे ग्रीक देवता बसवल्या असत्या, तिथे सामुराईंची शिरस्त्राणासकट चिलखतं उभी आहेत, एकाचं तोंड उघडं, दुसऱ्याचं मिटलेलं, देवळाच्या दारातल्या रक्षकांसारखी. आत 'काचो-नो-मा' म्हणजे फुलं आणि पक्ष्यांच्या खोलीत लाकडी भिंतींवर मीनाकामाच्या तीस लंबगोल तबकड्या आहेत. चित्रं वातानाबे सेइतेई यांची, मीनाकाम नामिकावा सोसुके यांचं. मीनाकामात रंग एकमेकांत मिसळू नयेत म्हणून धातूच्या बारीक तारांची कुंपणं घालतात. नामिकावा भट्टीत घालण्याआधी त्या तारा काढून घेत. त्यामुळे पक्ष्याचं पीस असं उतरतं, की ही कुंचल्याने केलेली रंगछटाच वाटावी. मला विचाराल तर अख्ख्या वाड्यातली सोन्याची नक्षी एकीकडे आणि या तबकड्या एकीकडे.

हा वाडा पाहून मेइजी सम्राट 'फार चैनीचा' एवढंच बोलला आणि काताय़ामा खचून आजारी पडला, अशी आख्यायिका आहे. युवराज इथे जवळजवळ राहिलाच नाही. तो सम्राट झाल्यावर वाड्याचं नाव अकासाका रिक्यू झालं. पुढे हिरोहितो युवराज असताना काही वर्षं राहिले, तेवढंच. युद्धानंतर वाडा सरकारजमा झाला तेव्हा एवढ्या मोठ्या घराचं करायचं काय, हे कुणाला सुचेना. १९४८ पासून १९६१ पर्यंत इथे संसदेचं राष्ट्रीय ग्रंथालय होतं. सोनेरी छताखाली लोक पुस्तकं वाचत बसत. मग १९६४ च्या ऑलिंपिकची तयारी करणाऱ्या समितीची कचेरी आली.

तोवर सरकारी पाहुणे उतरत होते असाका नावाच्या राजपुत्राच्या बंगल्यात. पॅरिसच्या १९२५ च्या प्रदर्शनाने भारावलेल्या या राजपुत्राने १९३३ मध्ये आर्ट डेको, म्हणजे भौमितिक नक्षीच्या शैलीतलं घर बांधलं होतं, दारात फ्रेंच कलावंत रेने लालिक यांचं काचकाम. १९५५ पासून १९७४ पर्यंत ते पाहुणेघर होतं, १९८३ पासून संग्रहालय आहे. पण पाहुणे वाढले, घर लहान पडलं. सरकारने अकासाका हाती घेतलं, वास्तुकार मुरानो तोगो यांच्याकडून १९६८ ते १९७४ दुरुस्ती करून घेतली, आणि नोव्हेंबर १९७४ मध्ये पहिले पाहुणे आले जेराल्ड फोर्ड, पदावर असताना जपानला आलेले पहिले अमेरिकी राष्ट्राध्यक्ष. युरोपच्या पंगतीला बसता यावं म्हणून बांधलेल्या वाड्यात १९७९, १९८६ आणि १९९३ च्या बड्या राष्ट्रांच्या शिखर परिषदा झाल्या. २००९ मध्ये तो 'राष्ट्रीय ठेवा' ठरला. मेइजी काळ आणि त्यानंतरच्या वास्तूंत हा मान मिळालेला तो पहिला. २०१६ पासून सामान्य माणसालाही तिकीट काढून आत जाता येतं. पाहुणा येणार असला की त्या दिवशी दार बंद.

क्योतोला मात्र सरकारने उलटा रस्ता धरला. जुन्या गोशोभोवतीच्या उद्यानात एप्रिल २००५ मध्ये नवं गेइहिनकान उघडलं, ते बैठं आणि नखशिखांत जपानी. सुतार, गवंडी, लाखकाम करणारे, विणकर असे क्योतोचे पिढीजात कारागीर लावून बांधलेलं. मेजवानीच्या दालनाच्या भिंतीवर विणलेलं प्रचंड पडद्याएवढं चित्र आहे, त्यात ३९ प्रकारची फुलं. जुन्या वाड्याची नक्कल नाही, की युरोपचीही नाही.

३० ऑगस्ट २०१४ ला आबे यांनी नरेंद्र मोदींना इथेच रात्रीचं जेवण दिलं. त्याआधी दोघांनी तळ्यावर उभं राहून माशांना खाणं घातलं, ते फोटो आपल्या वर्तमानपत्रांतही आले होते. ते मासे म्हणजे रंगीत 'निशिकिगोई', निइगाता प्रांतातल्या यामाकोशी गावाचे. ऑक्टोबर २००४ च्या भूकंपाने ते डोंगरातलं गाव उद्ध्वस्त झालं, माणसांना घरं सोडावी लागली. तिथले मासे पुढे या नव्या तळ्यात आले. हे मासे कित्येक वर्षं जगतात, तेव्हा त्या संध्याकाळी दोन पंतप्रधानांच्या हातचं खाणाऱ्यांत त्या गावातून आलेलेही असावेत.